ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसावर सहा लाखांत भागेल का, काम मिळतं का, आणि परत येताना काही उरतं का?

तुमचा प्रश्न वाचला. वय २८, पुण्यात नोकरी, बॅलटमध्ये (म्हणजे व्हिसाच्या लॉटरीत) नंबर लागलाय, सहा लाख साठवलेत आणि घरचे विचारतायत की हे सगळं सोडून जायचं कशासाठी. मी पहिल्याच बॅलटमध्ये लागले होते, मे २०२५ ला ब्रिस्बेनला उतरले, नऊ महिने काढून आत्ताच परत आलेय, त्यामुळे आकडे अजून ताजे आहेत.

थोडक्यात सांगायचं तर सहा लाख पुरतात. काम मिळतं पण लगेच नाही. आणि उरतं ते तुम्ही किती कमावता यावर कमी, बिनकामाचे किती आठवडे जातात यावर जास्त. हा शेवटचा मुद्दा मला कोणीच सांगितला नव्हता, सगळे आपले तासाला तीस डॉलर गुणिले पंचावन्न रुपये करून स्वप्नं बघत होते, मी पण त्यातलीच.

आधी ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हा ४६२ नंबरचा व्हिसा, भारतीयांसाठी २०२४ पासून सुरू झाला, वर्षाला फक्त १,००० जागा, वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, थोडं इंग्लिश, पासपोर्ट आणि पॅन कार्ड. बॅलटची फी २५ डॉलर. पहिल्या वर्षी दोन आठवड्यांत ४०,००० अर्ज आल्याचं बातम्यांत होतं, म्हणजे नंबर लागला हेच निम्मं काम झालं. आता निवडीचा मेल आल्यापासून २८ दिवसांत अर्ज भरायचाय, ते आधी करा, बाकीचं टेन्शन नंतर. माझ्या वेळी व्हिसा फी ६५० डॉलर होती, जुलै २०२५ पासून ६७० झाली.

मी जायच्या आधीच दीड लाख गेले. व्हिसा, आयेल्ट्स (इंग्लिशची परीक्षा), एकेरी तिकीट, इन्शुरन्स, बॅग, बूट. इन्शुरन्सवर कंजूसी करू नका, ब्रिटन किंवा आयर्लंडवाल्यांना तिथे मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, थोडंफार मिळतं, भारताचा तसा करार नाही, आपलं आपल्यालाच बघायचं. व्हिसासाठी खात्यात साधारण ५,००० डॉलर दाखवावे लागतात आणि लोकांना वाटतं ते नुसते दाखवायचे असतात. नाही हो, ते खर्च होतात! माझ्याकडे उतरताना ७,३०० होते आणि पहिल्या साडेतीन आठवड्यांत २,७०० गेले, एक डॉलर न कमावता. कुठे गेले विचाराल तर दहा दिवस हॉस्टेलचे ४८०, मग खोली मिळाली तर चार आठवड्यांचं डिपॉझिट (तिथे बॉन्ड म्हणतात) ९२० आणि भाड्याचे आणखी तीन आठवडे, कुकर-तवा-पांघरूण, सिमकार्ड, आणि कॅफेत कामाला लागतात ते काळी पँट काळे बूट. दारू सर्व्ह करायच्या कोर्सचं सर्टिफिकेट, आर.एस.ए., ते पण याच महिन्यात केलं, ते नसेल तर बार आणि बऱ्याच रेस्टॉरंटमध्ये उभं करत नाहीत.

तिथे सगळं आठवड्यावर चालतं. भाडं आठवड्याचं, पगारही बहुतेक ठिकाणी आठवड्याचा नाहीतर पंधरवड्याचा. आपलं डोकं महिन्याचं. मी पहिले दोन महिने एक्सेल महिन्याचं बनवत होते आणि हिशोब लागतच नव्हता. मग वहीत दर सोमवारी एकच ओळ लिहायला लागले, आत किती आले, बाहेर किती गेले.

ब्रिस्बेनमध्ये माझी ओळ साधारण अशी असायची. खोली २३०, किराणा ८५ (आल्डी सुपरमार्केट आणि भारतीय दुकान, तूरडाळ तांदूळ मिळतं सगळं), फोन १०, बाकी किरकोळ ६०-७०. बसला काहीच नाही म्हणा ना, क्वीन्सलंडमध्ये (ब्रिस्बेनचं राज्य) ऑगस्ट २०२४ पासून शहरी बस, ट्रेन, फेरी कशालाही ५० सेंट, अंतर कितीही असो. सिडनीत राहणारी मैत्रीण जळायची यावर. म्हणजे ४०० च्या आत आठवडा. आणि कमाई? कॅज्युअल, म्हणजे तास पक्के नसलेल्या कामगाराला २५ टक्के जास्त मिळतात, त्यामुळे जून २०२५ मध्ये किमान दर ३०.१३ होता, जुलैपासून ३१.१९. पंचवीस तास मिळाले की साधारण ७५० आणि त्यातून १५ टक्के टॅक्स, हातात ६४०. हा टॅक्स आपल्या व्हिसावाल्यांना पहिल्या डॉलरपासून कापतात, वर्षाला ४५,००० पर्यंत सरळ १५, आधी काही माफ वगैरे नाही. म्हणजे २४० उरले, छान वाटतं ना. पण कॅज्युअल शब्दाचा अर्थ मला तिथे कळला. पाऊस पडला, कॅफेत गर्दी नाही, बुधवारी मेसेज येतो की उद्या येऊ नको, आणि आठवड्याला बाराच तास. बारा तासांचे हातात ३०७. खोलीचे २३० मात्र द्यायचेच.

एक गोष्ट जरा रागानेच लिहिते. पहिलं काम मला आपल्याच देशी माणसाच्या रेस्टॉरंटमध्ये मिळत होतं, तासाला १४ डॉलर रोख, आणि त्याआधी तीन दिवस फुकट ट्रायल. बोलणं इतकं गोड, ‘बेटा तू तर आपल्या घरची’. मी तीन दिवस भांडी घासली आणि चौथ्या दिवशी गेले नाही. ट्रायल म्हणजे तुम्हाला काम येतं का बघायला जेवढा वेळ लागतो तेवढंच, दिवसच्या दिवस फुकट राबवणं बेकायदा आहे. रोख घेतलं की पेस्लिप नाही, आणि पेस्लिप नसेल तर दुसऱ्या वर्षाच्या व्हिसाला (त्याचं पुढे सांगते) ते काम नव्हतंच असं समजा. टॅक्स फाइल नंबर फुकट मिळतो, टॅक्स ऑफिसच्या साइटवर स्वतः भरा, त्याचे पैसे मागणारे एजंट भेटतील. आणि कोणी म्हणालं की ए.बी.एन. (स्वतःचा धंदा असणाऱ्यांचा नंबर) काढ, तर आधी विचार करा, वेट्रेस आणि शेतमजूर हा काही स्वतःचा धंदा नसतो, तो मालकाचा खर्च वाचवायचा प्रकार असतो.

आता शेताची गोष्ट, यातच खरे पैसे झाले. मी रावेर तालुक्यातली, जन्म केळीत गेला म्हणा. दुसरं वर्ष हवं असेल तर पहिल्या व्हिसावर तीन महिने, म्हणजे ८८ दिवस, ठरावीक भागात ठरावीक काम करावं लागतं, शेती त्यात येते. (दुसऱ्यांदा बॅलट नसतो, हे लक्षात ठेवा.) मी शोधत शोधत क्वीन्सलंडच्याच उत्तरेला टली नावाच्या गावी गेले, केर्न्स शहरापासून दक्षिणेला १४० किलोमीटर. तिथे बसमधून उतरले आणि समोर डोंगर, धुकं आणि नजर जाईल तिथपर्यंत केळी! अप्पांना व्हिडिओ कॉल केला तर म्हणे, ‘घरची केळी सोडून लोकांची केळी भरायला एवढ्या लांब गेली का?’ उत्तर नव्हतं माझ्याकडे.

टली म्हणजे तिथलं चेरापुंजी. १९५० साली जवळजवळ आठ मीटर पाऊस पडला होता म्हणून गावात तेवढ्याच उंचीचा एक सोनेरी गमबूट उभा केलाय, आत जिना आहे. हॉस्टेलवाला सांगतो काम लगेच आहे, या. गेल्यावर यादीत नाव लागतं. मी तीन आठवडे यादीत होते, आठवड्याला २१५ भाडं भरत, सहा जणींच्या खोलीत, ८०० गेले त्यात. म्हणून सांगते, शेताकडे निघताना खिशात किमान १,५०० हवेतच, नाहीतर हॉस्टेलची उधारी होते आणि मग जे काम देतील ते.

काम लागल्यावर मात्र सलग तेरा आठवडे. मुलगे बहुतेक बागेत, घड खांद्यावर घ्यायला, पन्नास-साठ किलोचा घड असतो आणि वरून बेडूक पडतात ते वेगळं. मी पॅकिंग शेडमध्ये, फण्या पाण्यातून काढायच्या, डागी बाजूला, चांगल्या पेटीत बसवायच्या. सकाळी सहाला सुरू. शेताच्या गेटवर बूट औषधाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय आत सोडत नाहीत, २०१५ मध्ये तिथे केळीचा पनामा रोग सापडला तेव्हापासून फार कडक आहेत. अप्पांना बाकी कशापेक्षा हे ऐकून नवल वाटलं, आपल्याकडे व्यापाऱ्याची माणसं याच्या बागेतून त्याच्या बागेत तेच बूट घालून जातात. पहिल्या आठवड्यात मनगटं इतकी सुजली की केस विंचरता येत नव्हते. पण ३८ तासांचे टॅक्स जाऊन हजार डॉलर, खर्च साडेतीनशे-चारशे, आणि खर्च करायला गावात आहे काय? आठवड्याला सहाशेच्या वर उरायचे. पेटीवर पैसे देणारी शेतं पण असतात, तिथेही २०२२ पासून तासाची किमान हमी आहे, तेवढे द्यावेच लागतात, म्हणून तास स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. आणि काम संपताना मालकाकडून १४६४ नंबरचा फॉर्म (दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी केलेल्या कामाचा दाखला) सही करून घ्या, त्याच दिवशी, नंतर कोणी फोन उचलत नाही.

मग डिसेंबर-जानेवारीत मी मेलबर्न आणि टास्मानिया फिरले, परतीचं तिकीट धरून पाच हजार उडवले, मजा केली, लपवत नाही.

एकूण? नेले होते ७,३०० आणि आणले साधारण ९,१००. म्हणजे अठराशे वर. जायच्या आधीचे दीड लाख धरले तर रुपयांत मी चाळीस-पन्नास हजार खालीच आहे, आणि पुण्याचा नऊ महिन्यांचा पगार बुडाला तो धरलाच नाही. फिरले नसते तर उरले असते, पण मग हॉलिडे कसला. त्यामुळे घरच्यांना ‘पैसे कमवायला चाललेय’ असं सांगू नका, ते दर महिन्याला विचारतील. मी सांगितलं होतं की एक वर्ष स्वतःच्या पैशाने जातेय आणि कोणाकडे मागणार नाही. तेवढं पाळता आलं.

किरकोळ दोन गोष्टी. खाण्याचं जे न्याल ते विमानतळाच्या फॉर्मवर सगळं लिहा. आईचं लोणचं, मसाला, सगळं. लिहिलं तर जास्तीत जास्त काढून घेतील, न लिहिता सापडलं तर दंड मोठा आहे. माझा काळा मसाला सुटला, लाडू गेले. आणि एका मालकाकडे सहसा सहा महिनेच काम करता येतं, शेतीला सूट आहे, म्हणून शहरात चांगली नोकरी लागली तरी कायमची समजू नका.

सुपर म्हणजे तिथला पीएफ, जुलै २०२५ पासून पगारावर १२ टक्के मालक भरतो. देश सोडून व्हिसा संपल्यावर परत मागता येतो पण आपल्या व्हिसावाल्यांचा ६५ टक्के टॅक्समध्ये जातो, शंभरातले पस्तीस हातात. ते मी वरच्या हिशोबात धरलेले नाहीत. माझा व्हिसा मेमध्ये संपेल, मग अर्ज करणार, किती आले ते इथेच खाली लिहीन.