संगणक शंका-समाधान : पडदा १०२४ × ७६८ वरच अडकतो तेव्हा

प्रश्न (फोंडा) : गावच्या वाचनालयातील जुन्या संगणकावर लिनक्स मिंट बसवले. मॉनिटर १९२० × १०८० चा आहे, पण सेटिंग्जमध्ये १०२४ × ७६८ च्या वरचा पर्यायच दिसत नाही. इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर कुठून डाउनलोड करावा?

उत्तर : कुठूनही नाही. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारे प्रोग्राम) लिनक्सच्या कर्नलसोबतच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यासोबतच येतात. बाहेरून काही आणून बसवाल तर चालू असलेलेही बिघडेल.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘आय-एन-एक्स-आय’ ही चार लहान अक्षरे, मग जागा सोडून डॅश आणि मोठा ‘जी’ असे टाइप करा. उत्तरात ‘एलएलव्हीएमपाइप’ आले, तर ग्राफिक्सचे काम प्रोसेसर करतो आहे, म्हणजे ड्रायव्हर चढलेलाच नाही. याचे नेहमीचे कारण ‘नोमोडसेट’. इन्स्टॉल करताना कंपॅटिबिलिटी मोड निवडला की हा शब्द बूटच्या ओळीत येतो आणि कधी कधी तिथेच राहतो. ‘ईटीसी’ फोल्डरातील ‘डिफॉल्ट’मध्ये ‘ग्रब’ नावाची फाइल आहे. तिच्यातून तेवढाच शब्द काढा, ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा आणि संगणक रीस्टार्ट करा.

ड्रायव्हर म्हणून इंटेलचा ‘आय९१५’ दिसत असेल आणि ‘एलएलव्हीएमपाइप’ कुठेच नसेल, तर केबल तपासा. मॉनिटर स्वतःची माहिती, म्हणजे ईडीआयडी, व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून पाठवतो. ती पोचली नाही की संगणक सावधगिरीने १०२४ × ७६८ वर थांबतो. स्वस्त केबल आणि स्प्लिटर इथेच दगा देतात. आपल्या दमट हवेत पिनांवर हिरवट थरही चढतो, विशेषतः पावसाळ्यात. वीज बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. (नववी पिन पुष्कळ केबलींना मुळातच नसते. तेवढ्यावरून केबल फेकू नका.) दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर व्हीजीएचा नादच सोडावा.

दुसरी केबल लावूनही फरक पडला नाही, तरच रिझोल्यूशन हाताने घाला. ‘सीव्हीटी १९२० १०८० ६०’ ही आज्ञा १७३.०० ने सुरू होणारी आकड्यांची ओळ देते. ती ‘एक्सरँडआर’ या रिझोल्यूशन बदलणाऱ्या आज्ञेच्या ‘न्यूमोड’ला द्या आणि मग ‘अ‍ॅडमोड’ने पोर्टला जोडा. पोर्टचे नाव नुसत्या ‘एक्सरँडआर’ने कळते. रीस्टार्टनंतर हे पुसले जाते, म्हणून दोन्ही आज्ञा स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्समध्ये ठेवा. मात्र वेलँडच्या (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या, एक्स११ ऐवजीच्या नव्या यंत्रणेच्या) सेशनमध्ये हा उपाय लागू पडत नाही. लॉगिन करताना एक्स११ निवडा.

प्रश्न (डिचोली) : उबुंटूवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर घातल्यावर रिझोल्यूशन उलट घसरले. ड्रायव्हर काढून टाकू का?

उत्तर : थांबा. सिक्युअर बूट (फक्त ओळखीच्या सहीचेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर सही न ओळखलेले मॉड्यूल, म्हणजे इथे ड्रायव्हर, कर्नल घेत नाही. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तो थोडे सेकंदच थांबतो, म्हणून पुष्कळांकडून निसटतो. ड्रायव्हर ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मधून पुन्हा बसवा, रीस्टार्ट करा, कोणतीही कळ दाबून ‘एनरोल एमओके’ (सहीची किल्ली नोंदवणे) निवडा आणि तोच पासवर्ड द्या. पासवर्ड पुन्हा मागितलाच नाही, तर बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट बंद करणे हा पर्याय उरतो. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरची ‘डॉट रन’ फाइल मात्र वापरू नका. कर्नल अपडेट झाला की तो ड्रायव्हर बंद पडू शकतो.