हैतीच्या क्लेरँची, म्हणजे तिथल्या उसाच्या दारूची, चव नेहमीच्या रमसारखी लागते का?

नाही, क्लेरँमध्ये रमचा तो गोडसर, व्हॅनिलाचा सूर सापडत नाही. साझू, वावाल आणि काझिमिर या तिन्ही नावांच्या क्लेरँ मी चाखल्यात. साझूचा ग्लास नाकाशी नेताच नुकत्या सोललेल्या उसाचा हिरवा, गवती वास येतो, मागोमाग खारवलेल्या ऑलिव्हची झाक आणि अति पिकलेल्या फळाचा आंबूस दरवळ. मळीऐवजी उसाचा ताजा रस नैसर्गिक यीस्टवर आंबवून ऊर्ध्वपातन करतात आणि पिंपात न मुरवताच बाटलीत भरतात, म्हणून हे सगळं शाबूत राहतं. काझिमिरमध्ये आंबवतानाच गवती चहा, दालचिनी, आलं घालतात. मला तीच सर्वांत आवडली. मात्र अल्कोहोल 50 टक्क्यांच्या आसपास असतं, तेव्हा पहिला घोट अगदी लहान घ्या, मग चमचाभर पाणी घालून बघा.