वजाची खूण जाते कुठे?

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, सेमी इंग्रजीत. सहावीपर्यंत गणितात बरा होता, आता घसरलाय. सर म्हणतात लक्ष नसतं, वजाच्या खुणा गाळतो. घरी पुस्तकातली गणितं मात्र बऱ्यापैकी सोडवतो. शाळेतल्या तपासणीनंतर नंबर निघाला, 'सिलिंड्रिकल' आहे म्हणाले. चष्मा केला, पण जमीन तिरकी दिसते म्हणून तो घालत नाही. त्याच्या बाबांचं म्हणणं, चष्म्याने नंबर वाढतो, मोठेपणी लेझर करून टाकू. मुलाला एनडीएत जायचंय. गणित झेपत नसेल तर आर्ट्सकडे वळवावं का? कलचाचणी कधी करावी? चष्म्याचा कागद आणि वहीची काही पानं सोबत पाठवतेय.
– एक आई, बार्शी

ताई, नमस्कार.

कलचाचणी आत्ता करू नका. पैसे तर वाया जातीलच, शिवाय हातात चुकीचा कागद येईल आणि घरात तो वर्षानुवर्षं खरा मानला जाईल. असा एक कागद मी स्वतः दिलेला आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

वहीची पानं बारकाईने पाहिली. फळ्यावरून उतरवलेल्या गणितांत बहुतेक चुका एकाच जातीच्या आहेत. वजाचं चिन्ह गायब, अपूर्णांकाची रेघ गायब, एके ठिकाणी बरोबरच्या चिन्हाची एकच रेघ. पुढची रीत मात्र चोख आहे. पोरगं चुकीचं गणित बरोबर सोडवतंय! घरी पुस्तकातून सोडवलेल्या पानांवर या चुका जवळपास नाहीत. लक्ष नसलेल्या मुलाच्या चुका अशा निवडक नसतात, त्या कुठेही होतात.

आता चष्म्याचा कागद पाहा. उजव्या डोळ्याचा साधा नंबर उणे ०.५०, सिलिंड्रिकल उणे २.२५ आणि अक्ष, म्हणजे ही काच कोणत्या कोनात बसवायची ते, १८०. डाव्याचाही तसाच, थोडा कमी. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल असेल तर सगळे किरण एकाच ठिकाणी जमतात. तो चमच्याच्या पाठीसारखा असेल, एका दिशेने जास्त वळलेला आणि दुसऱ्या दिशेने कमी, तर उभ्या आणि आडव्या रेघा वेगवेगळ्या अंतरावर स्पष्ट होतात. तुमच्या मुलाचं पारपटल उभ्या दिशेने जास्त वळलेलं आहे. मुलांमध्ये हाच प्रकार जास्त आढळतो. अशा डोळ्याला लांबच्या उभ्या रेघा बऱ्यापैकी दिसतात, पण आडव्या विस्कटतात. आणि बीजगणितात आडव्या रेघा कोणत्या? वजा, बरोबर आणि अपूर्णांकाची रेघ. सहावीपर्यंत ऋण संख्यांचा एवढा सुळसुळाट नव्हता, म्हणून निभावलं.

दीडेक वीत अंतरावर धरलेलं पुस्तक त्याला कसंबसं जमतं, कारण तेवढ्या अंतरावर आडव्या रेघा जागेवर येतात. तिथे मग उभ्या रेघांसाठी डोळ्याला ताण द्यावा लागतो. अभ्यासाला बसल्यावर त्याचं कपाळ दुखत असेल, डोळे बारीक करून किंवा मान कलती करून तो वाचत असेल, तर मला नवल वाटणार नाही. विचारून पाहा. आपणहून तो सांगणार नाही. त्याने जग दुसरं पाहिलेलंच नाही, सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटत असतं. खात्री करायची असेल तर चौकडीच्या वहीचं पान भिंतीवर लावा, रेघा पेनाने ठळक करा, त्याला चष्म्याशिवाय खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करा, एक डोळा झाकायला सांगा आणि कुठल्या रेघा जास्त काळ्या दिसतात ते विचारा. ही तपासणी नव्हे, पण बाबांची समजूत पटायला पुरेशी आहे.

जमीन तिरकी दिसते हे तो खरंच सांगतोय. चष्मा हातात धरा, भिंगातून दाराच्या चौकटीकडे बघत हळूहळू गोल फिरवा. चौकट कात्रीसारखी कलताना दिसेल. हे भिंग दोन दिशांना वेगवेगळं काम करतं, त्यामुळे सुरुवातीला जमीन कललेली आणि पायऱ्या वर-खाली वाटतात. दिवसभर चष्मा घातला की साधारण आठ-पंधरा दिवसांत मेंदू जुळवून घेतो. तास-दोन तास घालून काढून ठेवला, तर रोज पहिलाच दिवस. पंधरा दिवस नेटाने घालूनही तिरकं दिसत राहिलं, तर दुकानात नेऊन अक्ष बरोबर बसलाय का ते तपासून घ्या. साध्या नंबरची काच गोल फिरली तरी बिघडत नाही, याचं तसं नाही. अक्ष दहा अंशांनी सरकला की चष्म्याचा जवळजवळ एक-तृतीयांश फायदा जातो आणि तीस अंशांनी सरकला तर चष्मा असून नसल्यासारखा. आठवीतल्या मुलाची फ्रेम म्हणजे दप्तरात कोंबलेली, एका कानावरून ओढून काढलेली. पालक नंबर वाढला म्हणून धावतात आणि निघते वाकलेली काडी.

बाबांना सांगा, चष्मा घातल्याने हा नंबर वाढत नाही आणि न घातल्याने कमी होत नाही. मोबाइल-टीव्हीनेही तो आलेला नाही. पारपटलाचा आकार बहुतेकदा जन्मजात ठेवणीचा भाग असतो, घरात आणखी कुणाला असेल तर बघा. एक गोष्ट मात्र मनावर घ्या : तो डोळे चोळतो का? ॲलर्जीने खाज सुटते, मुलं मुठीने चोळतात आणि काही जणांचं पारपटल या वयात पातळ होऊन शंकूसारखं पुढे येऊ लागतं. सहा महिन्यांत सिलिंड्रिकल नंबर झपाट्याने बदलला, तर नेत्रतज्ज्ञांना पारपटलाचा नकाशा काढणाऱ्या तपासणीबद्दल विचारा. एकदा थेंब घालूनही नंबर काढून घ्या, मुलांच्या बाबतीत नुसत्या मशीनवर भागत नाही. चष्मा लावूनही एखाद्या डोळ्याला शेवटच्या ओळी वाचता येत नसतील, तर त्या डोळ्याचा मेंदूशी सराव राहून गेलेला असू शकतो. त्यावर उपचार लवकर केलेले चांगले, पण तेराव्या वर्षीही सुधारणा होऊ शकते.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या कलचाचणीत आकृत्या फिरवून ओळखण्याच्या भागात फारच कमी गुण आले. तिला आर्किटेक्चर हवं होतं. मी अहवालात 'अवकाशीय क्षमता कमी' असं लिहून मोकळा झालो. वर्षभराने चष्मा लागला, घरच्यांनी पुन्हा चाचणी करायचा आग्रह धरला, आणि तोच भाग तिचा सर्वांत वरचा निघाला. तेव्हापासून माझ्याकडे चाचणीआधी डोळ्यांचा कागद मागितला जातो.

राहिलं एनडीए. इथे गोड बोलून उपयोग नाही. अलीकडच्या अधिसूचनांप्रमाणे लष्करासाठी ऱ्हस्वदृष्टीची, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याची, मर्यादा उणे अडीच आणि त्यात सिलिंड्रिकल दोनपर्यंत. हवाई दलाच्या उड्डाण शाखेत सिलिंड्रिकल पाऊणपर्यंतच आणि ऱ्हस्वदृष्टी जवळजवळ चालतच नाही. उजव्या डोळ्याचे सव्वादोन या दोन्हींत बसत नाहीत. बाबांचा लेझरचा तोडगाही इथे लागू पडत नाही, कारण सैन्यदलं वयाच्या विसाव्या वर्षाआधी केलेली ती शस्त्रक्रिया मान्य करत नाहीत आणि एनडीएत प्रवेश साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात होतो. छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेतही हेच निकष पाहिले जातात. दहावीनंतर तिथे जायचं मनात असेल, तर आधी अधिसूचनेचं वैद्यकीय परिशिष्ट नेत्रतज्ज्ञांसमोर ठेवा आणि मगच शिकवणीची फी भरा. पदवीनंतर सीडीएस, म्हणजे संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेतून लष्करात जाण्याची वाट उरते. तिथे विसाव्या वर्षानंतर केलेली लेझर शस्त्रक्रिया, वर्ष उलटल्यावर आणि पारपटलाची जाडी वगैरे अटींत बसल्यास, चालते. हे मुलाला आत्ताच, त्याच्याशी नीट बसून सांगा. अकरावीत दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. रेल्वेच्या लोको पायलटसाठीही चष्म्याशिवाय ६/६ नजर लागते, तेही सोडा. नागरी विमानाच्या पायलटला मात्र चष्मा चालतो, नजर त्याने पुरेशी सुधारत असली म्हणजे झालं. त्याला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, म्हणजे गणित सोडण्याची घाई तिथेही नडेल. रंगदृष्टी मात्र वेगळी तपासा, इशिहाराच्या ठिपक्यांच्या पुस्तकावर पाच मिनिटांचं काम आहे.

त्याला जॉर्ज एअरीची गोष्ट सांगा. या इंग्लिश माणसाच्या डाव्या डोळ्यात हाच दोष होता. १८२५ मध्ये त्याने तो स्वतः मोजला आणि स्वतःसाठी सिलिंड्रिकल भिंग करून घेतलं. पुढे १८३५ ते १८८१ तो इंग्लंडचा राजखगोलज्ञ होता.

आर्ट्सचा प्रश्न सध्या मिटवून टाका. पुढे त्याला इतिहास आवडला म्हणून गेला तर आनंदाने पाठवा, पण गळलेल्या वजाच्या खुणांमुळे नको. सरांना भेटून दोन महिने पुढच्या बाकावर बसवायची विनंती करा, फळ्याचा उजेड चमकत नसेल अशा बाजूला. वर्गात चष्मा घालण्याची लाज वाटत असेल तर फ्रेम त्याला निवडू द्या, हवी तर दुसरी करा. चष्मा पूर्ण वेळ घातलेलं एक सत्र जाऊ द्या, मग कलचाचणीचं बोलू. येताना त्या सत्राची गणिताची वही आणा, जुनी माझ्याकडे आहेच. आणि निघण्याआधी चष्म्याचे स्क्रू आवळून घ्या.