आत कुठून, बाहेर कुठून

बाळा,

परवा रामबागेतल्या घरी परजीवींची, म्हणजे दुसऱ्याच्या (यजमानाच्या) अंगात राहून जगणाऱ्या जीवांची, वही घेऊन आलीस. चार रंगांची पेनं, आखीव तक्ते: शास्त्रीय नाव, मुख्य यजमान, मध्यस्थ यजमान, आकार, रोग. आणि शेवटी रडवेल्या आवाजात, "काकू, सगळी जीवनचक्रं एकमेकांत मिसळतायत. इम्पॉर्टंट कुठली ते सांगा." मी चहा टाकायला उठले, कारण तोंडावर काही बोलले असते तर तुला लागलं असतं.

मिसळणारच गं. तुझ्या तक्त्यात दोनच रकाने नाहीत: हा जीव आत कुठून शिरतो आणि बाहेर कुठून पडतो. बाकी सगळं या दोन दारांच्या मधलं.

अमीबाच घे. आव आणणाऱ्या हिस्टोलिटिकाच्या सिस्टमध्ये, म्हणजे कवचातल्या रूपात, चार केंद्रकं आणि निरुपद्रवी कोलायच्या सिस्टमध्ये आठ, हे तुला झोपेतही येतं. पण आवेने बेजार झालेल्या रोग्याच्या शौचातले ट्रोफोझॉइट, म्हणजे अमीबाची कवच नसलेली हलती रूपं, बाहेर फार टिकत नाहीत, पोटात गेले तरी जठरातल्या आम्लात मरतात. रोग पसरवतो सिस्ट टाकणारा, धडधाकट दिसणारा माणूस. आता ती चार केंद्रकं कशासाठी मोजायची ते कळलं? फायलेरियाच्या, म्हणजे हत्तीरोगाच्या, तपासणीचं रक्त रात्री दहा ते दोनमध्ये घेतात, तेही दारामुळेच. मायक्रोफायलेरियाला, म्हणजे त्या जंताच्या रक्तातल्या पिल्लांना, बाहेर नेणारी क्युलेक्स डासाची मादी रात्री चावते.

माझी आजी माळव्यातल्या धारकडच्या एका गावची. तिच्या घोट्यावर चकाकणारा, वळलेला व्रण होता. लहानपणी नारू, म्हणजे कातडीतून बाहेर येणारा दोऱ्यासारखा जंत, झाला होता, रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळून काढला, असं सांगायची. आणि मी तिच्याच शेजारी बसून ड्रॅकनक्युलस मेडिनेन्सिस हे शास्त्रीय नाव घोकत असायची. दोन्ही एकच, हे मला ती गेल्यावर कळलं. पायऱ्यांच्या बावडीत पाणी भरताना पाय बुडायचे का, पाणी गाळून प्यायचे का, एवढं तरी विचारलं असतं. घरात जिवंत पुस्तक होतं आणि मी ते उघडलं नाही. हे मला अजून सलतं.

नारूची दारं बघ. पायावर फोड येतो, आग होते, माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि मादी तिथे लाखो अळ्या सोडते. त्या सायक्लॉप्स नावाचा पाण्यातला बारीकसा जीव गिळतो, ते पाणी माणूस पितो, वर्षभराने पुन्हा फोड. औषध नव्हतं, लस नव्हती. तरी आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १९९६ सालचा, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पाणी कापडातून गाळलं, पायऱ्यांच्या विहिरींत उतरणं बंद केलं, हातपंप बसवले. दारं लावली, एवढंच.

शिकवायचे तेव्हा माझ्या वर्गाचा अभ्यासक्रम मागे पडतो अशी तक्रार व्हायची. पडायचाच. जंतांच्या अंड्यांवर मी दोन-दोन तास घालवले आहेत. राउंडवर्मचं अंडं मातीत दोन-तीन आठवडे राहिल्याशिवाय बाधत नाही, पिनवर्मचं काही तासांतच तयार होतं. म्हणून एकात माती आणि कच्ची भाजी, दुसऱ्यात पोराची नखं आणि अंथरूण. हे कळायला वेळ लागतो. त्यापायी काही मुलांचे मार्क गेले असतील, मी नाकारत नाही. पण पुन्हा शिकवायची वेळ आली तर असंच शिकवीन.

तेव्हा तक्ता बाजूला ठेव. प्रत्येक जीवासाठी आधी दोन दारं लिही. नाव नंतर, आकार त्याहून नंतर. आणि "इम्पॉर्टंट काय" हे पुन्हा विचारू नकोस. डोळ्यांखाली काळं आलंय तुझ्या, बाराच्या आत झोपत जा.

रविवारी सकाळी ये, पोहे करते. वही आणू नकोस, कोरे कागद आण. मलेरियापासून सुरू करू. त्यात आत आणणारीही डासाची मादी आणि बाहेर नेणारीही तीच. पण ताप आणणारे मेरोझॉइट तिच्या काही कामाचे नाहीत, तिला गॅमेटोसाइट, म्हणजे त्याच परजीवीची नर-मादी रूपं, लागतात. का, ते मनात घोळवत ये.

तुझी,
काकू