फळांनी लगडलेली झाडं राखीव जंगलातच का उपटतात?

प्रश्न : मुलाच्या नोकरीमुळे गेल्या मे महिन्यात मॉरिशसला राहून आले. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात फिरताना पाहिलं, तर तिथली माणसंच लाल पेरूंनी लगडलेली झुडपं मुळासकट उपटत होती. विचारलं तर म्हणाले, जंगल वाचवतोय. आपल्याकडे अभयारण्यातली काडी उचलली तरी बोलणी खावी लागतात. जीव हळहळला. हे कसलं संवर्धन?
— एक वाचक भगिनी, कुडाळ

उत्तर : ताई, तुमची हळहळ मला कळते. तीस वर्षं मी वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर पाच आठवडे स्वयंसेवक म्हणून त्याच उद्यानात तोच पेरू उपटला. पहिल्या सकाळी हात पुढे होईना.

तिथे त्याला ‘गोयाव द शिन’, म्हणजे चिनी पेरू म्हणतात. मूळचा तो ब्राझीलचा. फळ बोराएवढं, आंबटगोड. लोक तिखटमीठ लावून खातात. मीही ओंजळभर खाल्ली. आमच्या टोळीच्या मुकादमाचे पूर्वज रत्नागिरीकडून ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेले. घरात तिथली क्रियोल भाषा बोलतात, पण गणपती दरवर्षी बसतो. वर फळांकडे बघत राहू नका, खाली बघा, असं त्यांनी मला खुणेनं सांगितलं. खाली बघितलं. गुळगुळीत, तांबूस खोडं इतकी खेटून उभी, की मधून हातही जाईना. जमिनीवर पेरूचीच रोपं, मेथीच्या वाफ्यासारखी. मध्ये एक जुनं देशी झाड उभं होतं, पण त्याच्या पायाशी त्याचं स्वतःचं एकही पोर नव्हतं. ते झाड कोसळेल त्या दिवशी तिथे पेरूशिवाय काही उरणार नाही. त्यानंतर माझे हात थांबले नाहीत.

बेट समुद्रानं वेढलेलं, म्हणून सुरक्षित, असं आपल्याला वाटतं. मॉरिशसवर माणूस यायच्या आधी वटवाघळं सोडली तर जमिनीवर एकही सस्तन प्राणी नव्हता. तिथल्या झाडापाखरांना उंदीर, माकड, डुक्कर ठाऊकच नव्हते. सतराव्या शतकापर्यंत हे सगळे जहाजांतून उतरले आणि त्याच शतकात तिथला न उडणारा डोडो पक्षी संपला. डचांनी जावाहून हरणंही आणली. मूळचं चांगलं जंगल आता दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय. यात आपल्याकडची मंडळीही आहेत, हे मला फार लागलं. आपल्या परसातला गोड शिपाई बुलबुल 1892 साली तिथे पोचला. आज तो माकडाडुकरांच्या जोडीनं परक्या झाडांचं बी रानभर पेरतो. 1900च्या सुमारास मुंगूस नेलं गेलं. आपला पोपट तिथल्या मूळच्या पोपटाशी ढोलीसाठी भांडतो.

तुम्ही कुडाळच्या, तुम्हाला बेणणी, म्हणजे तण काढणं, सांगायला नको. भाताचं खाचर नुसतं कुंपण घालून सोडलं तर दाणा हाती येत नाही. त्या उद्यानात तेच चालतं. 1994 साली ते जाहीर झालं, क्षेत्र साधारण साडेसहा हजार हेक्टर, म्हणजे बोरिवलीच्या उद्यानाहून लहान. त्यात काही तुकडे हरणाडुकरांपासून कुंपणानं राखून सतत बेणतात. लहान रोप उपटायचं. जाड खोड कापून कापावर लगेच तणनाशक लावायचं, नाहीतर ते पुन्हा फुटतं. आणि काही काळानं पुन्हा त्याच वाफ्यावर यायचं.

एवढं करून हाती काय लागतं? 1991 साली रानात गुलाबी कबुतरं उरली होती जेमतेम दहा. बंदिस्त जागेत वाढवून ती रानात सोडली, उंदरामांजरांना पकडलं, दाण्याची ठाणी मांडली. आता ती चारशेच्या वर आहेत. त्यातलं एक माझ्या डोक्यावरच्या फांदीवर येऊन बसलं. पायात रंगीत कडी, छाती फिकट गुलाबी, शेपटी विटकरी. मी श्वास रोखून उभी होते. मॉरिशसचा छोटा ससाणा 1974 साली फक्त चार उरला होता. तोही सावरला, पण 2014 साली त्याला पुन्हा संकटग्रस्त ठरवावं लागलं. काम थांबवायची सोय नाही.

पुन्हा जाल तेव्हा आग्नेय किनाऱ्याजवळचं इल ओ एग्रेत नक्की पाहा. जेमतेम 26 हेक्टरचं बेट, 1965 पासून राखीव. तिथला आबनूस आपल्या टेंभुर्णीच्या कुळातला. सरपणासाठी तोडून तोडून संपत आलेला. त्याची फळं खाऊन बी पसरवणारी तिथली मोठी कासवं केव्हाच नष्ट झाली, म्हणून 2000 सालापासून सेशेल्समधल्या आल्डाब्रा जातीची कासवं तिथे सोडली. कासवाच्या पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजतं. वाळल्या शेणातून वर आलेली आबनुसाची चार पानं मी गुडघे टेकून पाहिली. त्या रोपाला मात्र हात लावला नाही.

आणि एक विनंती. कुडाळहून निघण्याआधी बुटांचे तळवे ब्रशनं घासून घ्या, पायजम्याच्या दुमडीतली कुसळं काढा. पिशवीत माती, रोपं किंवा बी नेऊ नका. पेरू मात्र मे महिन्यात मनसोक्त खा.