गुपचूप गोळी द्यायची का?

प्रश्न: ताई, माझा दीर रोज पितो. सासूबाई म्हणतात चहातून दारू सोडवायची गोळी देऊ, त्याला कळणारच नाही. द्यावी का? आणि गावातलं दुकानच बंद करता येतं का हो?

उत्तर: अजिबात देऊ नका! अशा काही गोळ्यांवर दारू प्यायली तर बीपी एकदम खाली जातं, जीवावर बेततं, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि त्याला सांगूनच द्यायची असते. आणि रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडायलाही जाऊ नका, फिट येऊ शकते, भास होतात, आधी डॉक्टर गाठा. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पु.लं. आणि सुनीताबाईंनी मदत केली होती. तिथे बायकांसाठी 'सहचरी' गटही आहे, कारण घरातली बाई पण पार पिचलेली असते ना, तिचं कोण विचारतो. लांब पडत असेल तर व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनला, १४४४६ ला फोन करा, फ्री आहे. तो यायला तयार नसला तरी तुम्ही एकट्या बोला, चालतं.

दुकानाचं म्हणाल तर ते लायसनवालं असेल तर 'आडवी बाटली', म्हणजे दुकान बंद करायचं का यावर मतदान, त्यात आडवी बाटली हे 'बंद करा'चं चिन्ह. आधी गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, मग गुप्त मतदान, त्यात एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा, नुसत्या आलेल्यांपैकी नाही हं, इथेच बरीच गावं अडकतात. म्हणून मतदानादिवशी म्हाताऱ्यांना आणायला गाडी ठरवून ठेवा.