ली-एनफिल्ड क्र. ४ या ब्रिटिश रायफलच्या नळीत (गोळीला फिरकी देणाऱ्या) पाचऐवजी दोनच खाचा दिसतात. नळी बदललेली आहे का?

तेवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धात उत्पादन वाढवण्यासाठी दोन खाचांच्या नळ्या अधिकृतपणे बसवल्या गेल्या. अमेरिकेत सॅव्हेज कंपनीने आणि कॅनडात लाँग ब्रांच कारखान्याने अशा पुष्कळ बनवल्या. खाचा कमी, म्हणजे मशीनवरचं काम कमी. पीळ, म्हणजे खाचांचा वळसा, मात्र तोच राहिला: डावीकडे, १० इंचांत एक फेरा. अमेरिकी एम१९०३ए३ रायफलमध्येही दोन आणि चार खाचांच्या नळ्या सापडतात. तिथे पीळ उजवीकडे. लष्करी वापरापुरती दोन खाचांची अचूकता पुरेशी ठरली होती, त्यामुळे निव्वळ खाचा मोजून नळी नापास करू नका.

खरा प्रश्न झिजेचा आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा. मऊ शुद्ध शिशाची, नळीपेक्षा किंचित जाड गोळी तेल लावून पितळी दांड्याने तोंडाकडून ढकला. सुरुवातीला घट्ट आणि मध्येच सैल लागली, तर तिथे नळी झिजलेली किंवा फुगलेली आहे. बाहेर आल्यावर मायक्रोमीटरने मोजा. इथेच बहुतेकांचं चुकतं: पाच खाचांत प्रत्येक खाचेसमोर उंचवटा (दोन खाचांमधला उंच भाग) येतो, त्यामुळे सपाट जबड्यांनी खाचांचा व्यास कमी भरतो, त्यासाठी व्ही-आकाराचा ठोकळाच लागतो. दोन खाचा समोरासमोर असल्याने तिथे साधं मोजमाप चालतं.

.३०३ (या रायफलचं काडतूस) च्या नळ्यांत खाचांचा व्यास ०.३१३ इंच किंवा जास्तही निघतो. चेंबरपुढचा (काडतूस बसतं त्या जागेपुढचा) भागही नीट बघा. कॉर्डाइट या जुन्या काडतुसांतल्या दारूच्या उष्णतेने तिथले उंचवटे आधी गोल होतात.